तोरणाखालची पहिली जोडी

श्रावण वद्य द्वादशी, संध्याकाळ

आज चावडीवर लोक सरकारच्या नावानं पेटले होते. ढोरांत बुळकांडीची साथ आली म्हणून गावची सगळी ढोरं टोचणीला एकाच हौदावर बोलावली. आजारी, चांगली, सगळ्यांनी त्याच पाण्यात तोंडं घातली. लस संपली म्हणून डॉक्टर अर्ध्यातच निघून गेला. आता घरोघरी ढोरं पडून आहेत. पण हुकूम सरकारचा. पाटील म्हणून मी फक्त दवंडी दिली.

हेच सांगत होतो, तर कोंडबा उठला. त्याचा एक बैल परवाच गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "पाटील, पोळ्याले तोरणाखालून पयली जोडी तुमची जाते. हौदावर काऊन नाही दिसली?"

शेतावर होती, म्हणालो. खोटं. त्या सकाळी हौदातल्या पाण्यावर लाळेच्या तारा पाहिल्या आणि गड्याला सांगितलं, आपले बैल गोठ्यातच राहू दे. दवंडी मात्र चालूच ठेवली. का? हुकूम देणाऱ्या साहेबाला भ्यालो?

पोळा तीन दिवसांवर आला. गावात धडधाकट जोडी माझीच उरली आहे. तिला तोरणाखालून कशी नेऊ?