डावीकडे कललेल्या रेघा

सातपूर, नाशिक
९ फेब्रुवारी २०२६

प्रिय योगिनी,

नमस्कार. बारा वर्षांनी पत्र, तेही हाताने लिहिलेलं, दचकू नकोस. चांदवडचा पत्ता आपल्या वर्गातल्या सरिताने दिला. घरी सगळे बरे असतील. मी इथे एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजते. स्वतः काही बनवत नाही.

आपल्या टेक्निकल हायस्कूलची कार्यशाळा नवी झाली. येत्या शनिवारी सकाळी अकराला उद्घाटन. नवनाथ सरांचा फोन आला होता. "हर्षाली, तुझा दहावीचा जॉब घेऊन ये. काचेच्या कपाटात ठेवू. पोरींना कळू दे, नुसत्या कानशीने काय होतं ते."

परीक्षेत घासलेला तो पोलादी ठोकळा माझ्या टेबलाच्या खणात कुलपात असतो. किल्ली एकच, माझ्याकडे. नेण्याआधी मोजला. जाडी ४९.८० मिलिमीटर असायला हवी, भरली ४९.६२. मायक्रोमीटर बदलला. तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी ४९.५५. खालच्या फडक्यावर लोखंडाचा कीस होता, ताजा, चकचकीत. ठोकळा कोमट होता.

मग रेघा पाहिल्या. आपल्या सगळ्यांच्या कानशीच्या रेघा उजवीकडे कलायच्या. या डावीकडे कलल्या आहेत. वर्गात डावखुरी एकच होती. सर चिडवायचे, "योगिनीबाई, तुमच्या जॉबला चक्कर येईल हो!" पण काटकोन तपासायला गुण्या लावल्यावर फटीतून उजेड दिसायचा नाही तो फक्त तुझ्याच जॉबला.

४९.८० का, हे लिहायचं टाळते आहे. ठोकळा पूर्ण पन्नासचा होता. वरचे दोन दशांश मिलिमीटर मी घासले. परीक्षेच्या दिवशी तू जेवायला गेली होतीस. तुझा रोल नंबर १४ काढून तिथे माझा १५ ठोकला, आणि माझ्या वाकड्या ठोकळ्यावर तुझा १४.

"सर, हा जॉब माझा नाही," तू म्हणालीस.

"मग काय माझाय?"

वर्ग हसला. मीही हसले.

तुझे मार्क गेले, डिप्लोमाची जागा गेली. तुझे वडील म्हणाले, "झालं तेवढं बास." मला जागा मिळाली. तू वहीत कांदे निवडायच्या यंत्राचं चित्र काढलं होतंस, सहा चाळण्यांचं. तसं यंत्र मी अजून कुठेही पाहिलेलं नाही.

आज माझा १५ दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी १४ वर आला. याचं कारण मला ठाऊक आहे. आकडा ठोकताना खालचा धातूही दाबला जातो. वरून घासला तरी खूण खोल उरते. कुलपात घासलं कसं जातंय, याचं कारण माझ्याकडे नाही.

सरिताला सहज विचारलं, योगिनी अजून कानस धरते का गं? ती हसली. "कसली कानस! पण दुपारी डोळा लागला की तिचा डावा हात हलत राहतो. सासू म्हणते, झोपेत काय घासते ही पोरगी, देव जाणे."

मी हसले नाही.

शनिवारी त्या कपाटावर तुझं पूर्ण नाव लागेल. काय झालं ते सरांसमोर, पोरींसमोर मीच सांगेन. तू ये किंवा येऊ नकोस, मी सांगणार आहे.

'आता हात थांबव' असं इथे लिहिलं होतं, ते खोडलं. तुला थांबवणारी मी कोण?

जॉब तुझा आहे. संपवायचा असेल तर संपव.

हर्षाली