पडद्याच्या घडीतली गांधीलमाशी

१४ डिसेंबर

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण जेवण आणि चिडचिड दोन्ही व्यवस्थित चालू आहे. माझ्याकडे शिवायच्या कपड्यांचा ढीग पडलाय. तू ‘जमलं तर येईन’ लिहिलंस, तेवढ्यावर मी तुझी खोली झाडायला काढली.

आधी तुझ्या खिडकीची गंमत ऐक. गेल्या वर्षीची थंडी सरता सरता एका गांधीलमाशीने चौकटीला बाहेरून पोळं धरलं. एकटीच होती. कुंपणाचं लाकूड कुरतडायची, चघळायची आणि त्याचा कागद करून घर बांधायची. औषध मारणाऱ्याला बोलावलं, तर तो म्हणाला, काच बंद ठेवा, थंडी पडली की आपोआप खेळ खलास. मग काय, मी शिलाई मशीनच तिथे हलवलं आणि आईच्या आजारपणात तिच्या खोलीत लावलेलं हवेचं तापमापक खिडकीला टांगलं. बाबा म्हणाले, हिला खूळ लागलंय. लागलंच होतं रे.

पुढे तिची पिल्लं वाढून पोळं भरलं. सकाळी गारठ्यात साऱ्या एकमेकींना चिकटून गप्प. भिंतीवर ऊन आलं की एकेक पाय हलायचा, आणि पारा पंधरा-सोळावर गेला की उड्डाणं सुरू. एका दुपारी तो अडतीसवर गेला. मला वाटलं, आता संपल्या. तर त्या नळाखालचं पाणी तोंडातून आणून पोळ्यावर ठेवत होत्या आणि उभ्या राहून पंखांनी वारा घालत होत्या! मी हातातली पँट तशीच धरून बघत राहिले, गिऱ्हाईक दारात ताटकळलं. एवढ्याशा जिवाला हे कोणी शिकवलं?

मग दिवस लहान झाले, माश्या कमी होत गेल्या. गेल्या आठवड्यात पोळं रिकामं झालं.

आज सकाळी तुझा पडदा काढला, तर घडीतून एक टपकन खाली पडली. पाय आखडलेले, निपचित. पारा आठवर होता. मेलेलीच समजून मी तिला कागदावर घेऊन खिडकीत ठेवलं. तिथवर ऊन आलं. जरा वेळाने मिशी हलली, मग पाय. मग तिने झोपेतून उठल्यासारखं तोंड पुसलं आणि ती उडून गेली. इतका वेळ जीव कुठे जपून ठेवला होता तिने?

आणि मग मला आपली ती जुनी गोष्ट आठवली.

तू सहा वर्षांचा होतास, मी दहाची. अशीच गार सकाळ. ‘मेलेली आहे, घे,’ म्हणत मीच तुझ्या हातात अशी एक गांधीलमाशी दिली होती. तू ती सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवलीस. तुझ्याच उबेने ती जागी झाली आणि डसली. तुझा गळा सुजला, श्वास अडकला, डॉक्टरांनी कसंबसं वाचवलं. तू बरा झाल्यावर बाबांनी विचारलं, पोळ्यात हात का घातलास? तू म्हणालास, ताईने मेलेली दिली होती. मी नाही म्हटलं. मेलेली माशी डंख मारते का, असं म्हणत त्यांनी तुला चोपलं. तेव्हापासून या घरात तुझं नाव ‘खोटारडा’. नोकरी लागल्याचं सांगितलंस तेव्हासुद्धा त्यांनी कागद दाखव म्हटलं. तू इथे का येत नाहीस हे मला ठाऊक होतं. मी मात्र लोकांना सांगायची, त्याला सुट्टी मिळत नाही.

ती जिवंत आहे हे मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. पण मी दिली, हे माहीत होतं.

आज दुपारी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी तापमापकाजवळ जाऊन पारा वाचला. मग म्हणाले, “पोरगं खरं बोलत होतं. आणि मी त्याला चाळीस वर्षं...” डोळे पुसून एवढंच म्हणाले, “लिही त्याला. उद्यावर टाकू नकोस.”

म्हणून लगेच लिहितेय. थंडी आहे, पोळं रिकामं आहे, तोवर ये. पडदे मी आता रोज झटकेन, कोपरान् कोपरा बघेन. नाही आलास, तरी तुला दोष देणार नाही. पण बाबांनी तुझी खुर्ची आजच उन्हात नेऊन ठेवली आहे.

तुझी,
खोटारडी ताई