जिने वाक्य जोडले तिला परत न पाठवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
बाल कल्याण समिती, ठाणे.

विषय : कु. कृतिका (वय १४) हिचा ताबा वडिलांना न देणेबाबत.
संदर्भ : वडील श्री. दिपेश यांचा ताबा मिळण्याचा अर्ज. सुनावणी सोमवार, दि. २४ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

१. अर्जदार सगुणा सीताराम म्हात्रे, वय एकसष्ट, ही कोपरीत राहते व घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजीची शिकवणी घेते. दिपेश हा अर्जदाराचा सख्खा भाचा. त्याला बोट धरून बालवाडीत अर्जदारानेच नेले होते, हे लाजेने नमूद करावे लागते.

२. अर्जदाराची आई धवलारीण होती. आगरी लग्नांत धवले गाऊन विधी लावायची. तीच चाल धरून अर्जदार मुलांना इंग्रजीत दोन वाक्ये जोडायला शिकवते. ‘जो गं दारी आला, तो गं माझा भाऊ, जी गं वाट त्याची, ती गं दोघी पाहू.’ माणूस असेल तिथे हू, वस्तू असेल तिथे विच. मुले ठेका धरतात आणि परकी भाषा अंगणात येऊन बसते. दर शनिवारी आठवड्यातले सर्वांत चांगले वाक्य मुलाच्या नावासकट बाहेरच्या फळ्यावर लिहायचे, ही शिकवणीची रीत.

३. दि. ८ नोव्हेंबरला कृतिकाने शिकवणीच्या वहीत लिहिले : ‘धिस इज द मॅन विच ब्रोक माय मदर्स हँड.’ म्हणजे, हा तो माणूस, ज्याने माझ्या आईचा हात मोडला. तिची आई संचिता त्या आठवड्यात हात गळ्यात बांधून फिरत होती. अर्जदाराने ते पाहिले होते. पण छत्तीस वर्षे वह्या तपासल्या की डोळ्यांना चूक तेवढी दिसते. अर्जदाराने विच खोडून हू केले, शाबासकी दिली, आणि वाक्य फळ्यावर गेले.

४. सायंकाळी सहाला दिपेश आला. नाक्यावर कोणीतरी त्याला अर्थ सांगितला होता. “आत्ये, माजी इज्जत फल्यावर टांगलीस काय?” एवढे बोलून त्याने फळा भिंतीवरून उपटला व त्याची कड अर्जदाराच्या कुशीत घातली. दोन बरगड्या गेल्या. मग तो मुलीकडे वळला. “कंच्या हातान लिवलास गो?” कृतिकाने वही तपासायला द्यावी तसा उजवा हात पुढे केला. त्याने तो लोखंडी दाराच्या फटीत धरला आणि दार लोटले. दोनदा. ओली काडी मोडावी तसा आवाज आला. तो अर्जदाराच्या कानातून जात नाही. तीन बोटे मोडली. शेजारचे गोविंदाभाऊ गॅलरीतून म्हणाले, “सगुणे, गप ऱ्हा. घरातला मामला हाय.”

५. गुन्हा नोंद आहे, दिपेश जामिनावर आहे, मुलगी बालगृहात आहे. आता संचिताने जबाब फिरवला असून, वाऱ्याने दार आपटले असे लिहून दिले आहे. अर्जदाराने कारण विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “आत्या, तुम्ही तुमच्या घरी जाल. मला त्याच घरात झोपायचंय.”

६. सबब विनंती की, कृतिकाला एकटीला विचारावे. बापाला दालनातच काय, इमारतीतही ठेवू नये. ते वाक्य न समजता चारचौघांत लावण्याचा दोष अर्जदाराचा आहे. तोही कागदावर घ्यावा व त्याची शिक्षा अर्जदारास द्यावी, मुलीस नको.

७. एवढे करूनही ताबा बापाकडे गेल्यास अर्जदार त्याच्या दारात जाऊन बसेल. वाडवडील मिठागरावर राबले. त्यांची पहार घरात आहे. मोडक्या बरगड्यांनिशी उचलून पाहिली, उचलते. त्या मुलीवर पुन्हा हात पडला, तर ती पहार भाच्याच्या डोक्यात घालण्यास अर्जदार कचरणार नाही. ही धमकी समजू नये. समितीस सुनावणीपूर्वी मिळालेली लेखी सूचना समजावी, व पोच द्यावी.

आजवर नम्र राहिलेली,
(सही)
सगुणा सीताराम म्हात्रे
कोपरी, ठाणे (पूर्व)
दि. २० नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. वहीच्या पानाची प्रत.
२. कृतिका व अर्जदार यांचे वैद्यकीय दाखले.
३. संचिताच्या फिरवलेल्या जबाबाची प्रत. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने सही डाव्या हाताची आहे.