मर्जी तुमची

३ मार्च, सोमवार

मोठ्या बाईंनी आज पत्रक हातात ठेवलं. "मराठीत आणा. तुमच्या बायका येत नाहीयेत!"

या परमुलखातल्या आरोग्य कार्यालयात मराठी भाषांतराच्या टेबलावर बसल्यापासून मी हात धुण्याचं लिहिलं, डासांचं लिहिलं, कुत्रं चावल्यावर काय करायचं तेही लिहिलं. हे वेगळं आहे. चाळिशी ओलांडलेल्या बायकांची तपासणी – छातीत गाठबिठ असली तर वेळेत कळावी म्हणून. आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. फुकट! तरी आपल्या बायका फिरकत नाहीत.

मूळ मजकुराची शेवटची ओळ – यायचं की नाही, ही निवड तुमची. इथल्या भाषेत म्हणे हा मोठा सन्मान. मीही इमानेइतबारे लिहिलं, 'मर्जी तुमची'. घरी सासूबाईंना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा काढला.

"कोण रागावलंय?"

"कुणी नाही. का?"

"मग 'मर्जी तुमची' काय? हे आपण कधी म्हणतो गं? सांगून सांगून तोंड दुखलं की म्हणतो. मर्जी तुमची, मागाहून माझ्या नावाने रडू नका!"

झालं! सन्मानाचा शाप झाला.

५ मार्च, बुधवार

शेजारच्या टेबलावर हुकूमराव. (नाव मी ठेवलंय, त्यांना ठाऊक नाही.) त्यांच्या भाषेतलं पत्रक पूर्ण झालंसुद्धा – 'सकाळी नऊला या. उशीर नको.' संपलं! म्हटलं, अहो, कृपया तरी घाला. म्हणाले, "कृपया घातलं की आमच्या लोकांना वाटतं, गरज कार्यालयाला आहे."

पलीकडे माफीताई. त्यांचं पान भरलंय. आधी तुमच्या कामात व्यत्यय आणल्याबद्दल क्षमा, मग हवापाण्याची चौकशी, मग पुन्हा क्षमा. तपासणी तळाला, लाजत उभी! "एकदम मुद्द्यावर आलं तर आमच्याकडे उद्धटपणा होतो," म्हणाल्या.

आणि आपलं? हुकूम दिला तर – तू कोण सांगणारी? माफी मागितली तर – नक्की काहीतरी काळंबेरं आहे. आपल्याला घरच्या माणसानेच सांगावं लागतं, तेही जरा कुरकुरत.

६ मार्च, गुरुवार

'मर्जी तुमची'च्या जागी 'आपणांस आमंत्रण आहे' लिहिलं होतं, तेही काढून टाकलं. सासूबाई – "जेवण आहे का?"

१० मार्च, सोमवार

आज पहिली मराठी बाई आली! मी खाली धावले. गोल चेहऱ्याच्या एक काकू, हातात हृदयाचे सगळे जुने कागद. मी पत्रकात 'छातीची तपासणी' लिहिलं होतं – दुसरा शब्द आपल्याकडे घरात कोण उच्चारतं? काकू नर्सशी हुज्जत घालत होत्या, "अहो, पट्टी काढा ना माझ्या हृदयाची!" शेवटी मी कोपऱ्यात नेऊन कानात सांगितलं, कसली तपासणी ते.

"हात्तिच्या! ती होय!"

मग पदर सारखा केला.

"मग त्याला मी एकटी कशी जाऊ?"

आणि गेल्या की निघून! मला हसू येईना. आलेली बाई दारातून परत गेली, आणि तीही माझ्या शब्दामुळे.

१४ मार्च, शुक्रवार

नवं लिहून नेलं –

'बायकांच्या छातीत गाठ आहे का, ते बघायची तपासणी. हृदयाची नव्हे. तपासायला बाईच असते. दुखत नसलं तरी या. एकट्या येऊ नका – जावेला आणा, सुनेला आणा, शेजारणीला ओढून आणा.'

मोठ्या बाई शेवटच्या ओळीवर अडल्या. "ही प्रत्येकीची खाजगी बाब आहे."

म्हटलं, "बाई, आमच्याकडे खाजगी गोष्टीलाच सोबत लागते. सार्वजनिक ठिकाणी आम्ही एकट्या जातो."

त्यांनी पेन उचललं. मग सही केली!

सासूबाई खूश. "आता घरातलं कुणी बोलल्यासारखं वाटतंय."

"मग कधी जायचं आपण?"

"मी? मला काय धाड भरलीय!"

घ्या! शब्दन् शब्द तपासून दिला, आणि स्वतःच्या वेळी हे.

२५ मार्च, मंगळवार

तळमजल्यावर जत्रा! काकू परत आल्या – जाऊ, जावेची बहीण आणि दोन शेजारणी घेऊन. एक आत, चौघी बाहेर, आणि दारातून आतलीशी गप्पा. हुकूमरावांच्या बायका वेळेवर आल्या, रांगेत गप्प बसल्या. माफीताईंच्या बायका एकमेकींना खुर्ची देत राहिल्या, त्यामुळे खुर्च्या रिकाम्याच. मोठ्या बाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. "आवाज फार आहे," म्हणाल्या. पण हसत म्हणाल्या!

२८ मार्च, शुक्रवार

सासूबाई तपासणीला गेल्या एकदाच्या! भाजीच्या दुकानात काकूंनी गाठलं म्हणे – "सुनेने लिहिलं आणि सासू घरात?" भर दुकानात नाक कापलं गेलं. आज सकाळी तयार होऊन बसल्या होत्या.

पण तपासणीच्या दारात माझा दंड धरला. "आधी ही. हिचीही चाळिशी उलटलीय."

"अहो, मी नुसती सोबत आलेय!"

"मग सोबतच कर."

केली. मशीन थंडगार, आणि चेपते मेली बरीच. संध्याकाळी सासूबाईंनी सगळं साद्यंत वर्णन त्यांच्या लेकाला ऐकवलं. तो बिचारा कान झाकून गच्चीत पळाला.

८ एप्रिल, मंगळवार

दुपारी तपासणीवाल्यांचा फोन आला. काहीतरी दिसतंय. आजच पुन्हा या म्हणाले. सासूबाईंना नाही. मला.

त्यांना कसं सांगावं, त्याचे शब्द जुळवत बसले होते. एक धड जुळेना. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. खुंटीवरची माझी पिशवी घेतली, चपला घातल्या, दारात उभ्या राहिल्या.

"चल."