काळ्या गुळाची ढेप

मंगळवार, ८ जानेवारी १९७४

सुमे, मी सांगते ते लिहायच्या आधी वर तारीख घाल, न्हायतर कालच्यासारखी विसरशील. नात माझी, पण डोकं कुणाचं घेतलंस?

आज बावड्याच्या नव्या कॉलनीत गूळ घेऊन फिरले. पिवळा करायची पावडर न्हाय, म्हणून आपला काळा. एक बाई म्हणाली, "आजी, जळलाय की हा!" मी म्हटलं, "तुमीबी सावळ्याच की, जळलायसा व्हय?" तिनं दार आपटलं. मेलं माझं तोंड!

तुझा बा म्हणतो, उद्या खपला न्हाय तर पुढच्या काहिलीत रस उकळताना पावडर पडणार. जी आपण खात न्हाय, ती लोकांस्नी घालायची? काळा हाय, पण खाल्ल्याबिगर कसं कळंल?

उद्या ढेपेसंगं चाखवायला गूळपोळ्या बांधून दे. एक जास्तीची घाल. दारात माझं तोंड भरलेलं बरं.