फुकटच्या भाकरीचा प्रश्न

जवळा बाजारजवळचा तांडा,
ता. ९ मार्च २००३

समाजशास्त्रात माझ्यासोबत दोनदा नापास झालेले स्नेही विश्वंभरराव यांस,

प्रेमदास मास्तरचा नमस्कार. तुमची कंबर आता बरी असेल अशी आशा करतो. सुनीतीवहिनींना नमस्कार सांगा (तोंडीच सांगा, पत्र दाखवू नका, कारण पुढं येईल). इकडे दोन्ही लेकरं, म्हैस आणि मी खुशाल आहोत.

विश्वंभरराव, तुमच्या नोट्सनी माझा घात केला. मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही, आणि सकाळी चहा जिथं मिळतो तिथंच मी वाचतो, म्हणजे चुलीपाशी. प्रकरण होतं कुटुंबाकडे बघायच्या मार्क्सवादी दृष्टीचं. घरची बाई फुकट राबते, कामगाराला खाऊपिऊ घालून दुसऱ्या दिवशीसाठी ताजातवाना करते, लेकरांना मुकाट ऐकायला शिकवते आणि या साऱ्याचा नफा मालक खातो, वगैरे. जमनाबाईनं (आमची मंडळी) भाकरी थापता थापता विचारलं, "मालक म्हंजे कोण?" मी म्हणालो, कारखानदार. "तांड्यात कारखाना कुठं हाय? मंग आपल्या घरचा नफा कोण खाऊन राहिला?" मी त्या वेळी तिसरी भाकरी खात होतो.

मी हसलो, तिथंच चुकलो. ती प्रश्न घेऊन थेट नायक फुलसिंगकाकांच्या ओट्यावर गेली (तांड्यातला तंटा तिथंच मिटतो, कोर्टात जात नाही). काकांनी दोन्ही बाजू ऐकल्या, बिडी विझवली आणि म्हणाले, "बाई बराबर बोलून राहिली. मास्तर, दंड लागंल." आमच्यात दंड म्हणजे जमलेल्या माणसांना जेवण, फक्त या खेपेला भाकरी मास्तरनं स्वतः थापायच्या, आणि पुढं परीक्षा होईपर्यंत रोज सकाळच्याही त्यानंच. रविवारी अख्खा तांडा हजर! पहिली भाकरी परातीतच दुभंगली, दुसरी तव्याला चिकटली, तिसरी उचलून शेजारच्या आशाबाईनं चारचौघांत विचारलं, "मास्तर, हा नकाशा कोन्या देशाचा?" तरी काकांनी चार खाल्ल्या आणि पाचवी मागितली.

आता रोज सकाळी मी पीठ मळतो आणि ती वाचते. खरं सांगू? सगळं पाठ तिचंच झालंय. मी अडलो की पुस्तकात न बघता सांगते. नववीत असताना तिचं लग्न झालं. बारा वर्षांत मी तिला भाजीत मीठ किती यापलीकडे काही विचारलं नाही, याची लाज वाटली. पण घरात झकास चाललंय. माझी भाकरी आता फुगते.

आपला,
प्रेमदास

ता. क. दहावी न झालेल्यांना मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरता येतो म्हणे. हिंगोलीत मिळतो. जमनाबाईसाठी एक आणून पाठवा, मुदत याच महिन्यात संपते. पत्र एवढ्याचसाठी होतं. मी यंदा पेपरला बसत नाही. ती बसली की भाकरी कोण थापणार?

ता. क. २. यातलं अक्षरही वहिनींना कळू देऊ नका. तुमच्या कंबरेला चूल झेपायची नाही.

(खाली वेगळ्या अक्षरात) सुनीतीवहिनी, पाकीट टपालात टाकायला मास्तरनी माझ्याकडंच देलं. वर नाव तुमचं घातलं हाय. फॉर्म तुमीच जाऊन आणा. तवर परात भाऊंकडं देऊन ठेवा. — जमनाबाई