हॅव्हरसाइकांची शिरगणती

५ फेब्रुवारी २०२४, सोमवार

आज आम्ही सरदार झालो! सकाळी आठलाच क्लिफर्डचा फोन. "हेस्टर, खाली बस आधी. आपला मूळ पुरुष इंग्लंड जिंकायला आलेल्या विल्यम राजाबरोबर जहाजातून उतरला होता."

पुरावा काय, तर कुठल्याशा यादीतलं अर्धं पुसलेलं एक नाव. मी विचारलं, "आणि उतरल्या उतरल्या आमच्या दरीत ओट पेरायला आला का?" मग म्हणाला, "तुला ना, कशाचं कौतुकच नाही."

नाही! कसलं कौतुक? आडनावातलं हॅव्हर म्हणजे ओट आणि साइक म्हणजे ओढा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ओढ्याकाठी ओटचं शेत, शेतावर कोणी एक जॉन, त्याने चौदाव्या शतकात डोईपट्टीचे चार पेनी भरले. झालं, संपला इतिहास. पुढची पाचशे वर्षं नुसत्या मेंढ्या आणि शिशाच्या खाणी. खाणी बसल्या तशी माणसं पांगली. काही डरहमच्या कोळशात गेली, काही लँकशरच्या गिरण्यांत, काही थेट अमेरिकेत आयोवाला. ज्यांना कुठेच जाता आलं नाही त्यांच्यातली मी.

क्लिफर्ड माझा चुलत भाऊ. बँकेतून निवृत्त झाला, बागकाम येत नाही, गोल्फ जमत नाही. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी — याने आमच्या आडनावाचा एकेक माणूस शोधणारं हॅव्हरसाइक मंडळ काढलं. पंधरा वर्षं झाली. अध्यक्ष तो. चिटणीस मी.

८ फेब्रुवारी

पाऊस. गुडघा. आयोवाच्या ड्वेनचं पत्र: आमच्या घराण्याचं चिन्ह असलेली टोपी बनवू का? चिन्ह म्हणे गरुड. या दरीत गरुड कोणी पाहिला? मेंढीचं करा म्हणून कळवलं.

११ फेब्रुवारी, रविवार

हॅरोगेटला क्लिफर्डकडे जेवायला. बेरिलने — त्याच्या बायकोने — मटण भाजलं होतं. छान होतं. पण ते खायचं कुठे, तर त्या नकाशासमोर! जेवणघराची अख्खी भिंत त्याने खाल्ली आहे. बेरिलच्या माहेरची सुंदर चित्रं होती तिथे, ती जिन्याखाली गेली. "मेलेले बरे," बेरिल माझ्या कानात म्हणाली, "ते हलत नाहीत. जिवंत हॅव्हरसाइक घर बदलतात, की हा रात्रभर टाचण्या हलवतो."

मेलेल्यांना काळी टाचणी, जिवंतांना लाल. १८८१च्या शिरगणतीत आम्ही १४३ होतो, त्यांतले ९७ या दरीत. आज सगळ्या देशात ५८. दरीत एक लाल टाचणी. ती मी. क्लिफर्ड पाहुण्यांना दाखवतो, "आणि ही आमची शेवटची, मूळ जागेवरची!" जशी काही मी दुर्मिळ बेडूक.

आणि एक पिवळी टाचणी. किनाऱ्यावर, विटबीला. पिवळी म्हणजे 'हिशेब न लागलेला'. १८३७पासून सरकारदरबारी नोंदलेले ६१४ हॅव्हरसाइक जन्म. ६१३ त्याने आईबापांसकट जागेवर बसवले. एक राहिला. १९७२, एप्रिल ते जून, विटबी. मुलगा. यादीत आईच्या माहेरच्या आडनावाचा रकाना असतो, तिथेही हॅव्हरसाइक. ज्याला यादी वाचता येते त्याला एका ओळीत कळतं की बाप नाही.

"त्या वयाच्या हॅव्हरसाइक बाया तेव्हा नऊ," क्लिफर्ड काट्याने नकाशाकडे दाखवत म्हणाला. "आठजणी तपासल्या."

"आणि नववी?" बेरिलने विचारलं.

"नववी ही आपली हेस्टर! ती कशाला? तेव्हा तर ही छातीच्या दुखण्याने किनाऱ्यावर मावशीकडे होती."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी आणखी बटाटे मागितले. बेरिलने दोन वाढले.

१२ फेब्रुवारी

आता या वहीत तरी लिहून टाकते. बावन्न वर्षांत कुठे लिहिलेलं नाही.

मावशी नव्हती. चर्चच्या बायकांचं घर होतं. मी एकोणीस वर्षांची. आईने मला तिथे पोचवलं आणि गावात मावशी आणि छाती सांगितली. सहा आठवडे तो माझ्याजवळ होता. लॉरेन्स नाव ठेवलं मी. मग एका गुरुवारी निळ्या कोटातली बाई आली आणि घेऊन गेली. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "आता चेहरा नीट कर, लोक बघतात." चेहरा नीट केला. गावच्या पोस्टाच्या खिडकीमागे चौतीस वर्षं नीटच ठेवला.

क्लिफर्डने मंडळ काढलं तेव्हा सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन घाम फुटला. नावातला एकेक माणूस शोधणार म्हणजे त्यालाही शोधणार! म्हणून चिटणीस झाले. येणारं प्रत्येक पत्र आधी माझ्या हाती पडावं म्हणून. लोकांना वाटतं हेस्टरला घराण्याचा केवढा अभिमान. अभिमान कसला, पहारा!

१६ फेब्रुवारी

टपाल: पाच. एक टोपी (गरुडच!). एक वर्गणी. तिघांची 'माझी पणजी हॅव्हरसाइक होती' छाप रडगाणी. तिघांना छापील उत्तर.

ही युक्ती माझी, आणि क्लिफर्डने फक्त हीच एक मुकाट मान्य केली. पाकीट फोडायचं, खाली सही बघायची. सहीत आमचं नाव नसेल तर वर वाचत बसायचं नाही. छापील कागद: 'आपण हे नाव धारण करत नसल्यामुळे आपली चौकशी मंडळाच्या अभ्यासविषयात बसत नाही. आपणांस शुभेच्छा.' खाली माझी सही. मूळ पत्रावर 'विषयाबाहेर' लिहून तारीख घालायची आणि क्लिफर्डकडच्या पेटीत टाकायला द्यायचं. नाहीतर साऱ्या इंग्लंडच्या पणज्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतील. सही आमच्या नावाची असेल तर मात्र मी अक्षर न् अक्षर वाचते. दोनदा.

२ मार्च, शनिवार

समितीची बैठक. पाच म्हातारे आणि संगणकाच्या पडद्यावर ड्वेन, त्याच्याकडे पहाट, डोक्यावर टोपी. सप्टेंबरच्या मेळाव्याला पुस्तक छापायचं आहे. शिशाकडून कोळशाकडे कशा शाखा गेल्या, कुठल्या परगण्यात किती, सगळे तक्ते. आणि क्लिफर्डला ते 'पूर्ण' हवं. ६१४पैकी ६१४!

आमचा नियम आहे की शंभर वर्षांच्या आतल्या माणसाचा जन्मदाखला मागवायचा नाही. जिवंत असेल, त्याची खाजगी गोष्ट. आज क्लिफर्ड उठून म्हणाला, "या एकाच बाबतीत नियम शिथिल करावा." दाखल्यावर आईचं पूर्ण नाव असतं.

"आणि ती बाई जिवंत असली तर?" मी म्हटलं. "तिने बिचारीने कुणाला सांगितलं नसलं तर? छापणार तुम्ही पुस्तकात?"

"हेस्टर, हा इतिहास आहे."

"हा चोंबडेपणा आहे!"

"किती मनाला लावून घेतेस तू," तो म्हणाला. ड्वेन म्हणाला, "मॅडमचा मुद्दा मला आवडला," आणि बाजूने मत दिलं — क्लिफर्डच्या. ठराव मंजूर. विरोधी मत एक.

जाताना क्लिफर्ड म्हणाला की दाखला महिनाअखेर मागवतो, त्याआधी जुनी पत्रं एकदा चाळायला हवीत, कोणी विटबीचा उल्लेख केला असला तर. "विषयाबाहेरची पेटीसुद्धा. मीच बसतो."

"तुझे डोळे कुठे धड आहेत! मी चाळते," मी म्हटलं. घाईने म्हटलं. त्याला ते प्रेम वाटलं.

५ मार्च

झोप नाही. ठरवलंय ते असं: पेटीत कुणाचं तरी पत्र सापडेलच, किनाऱ्याकडच्या, माहेरच्या हॅव्हरसाइक पण क्लिफर्डच्या नऊजणींत वयाने न बसलेल्या एखाद्या बाईचं, आता मेलेल्या. तिच्या नावावर लॉरेन्सला घालायचं. क्लिफर्डला ६१४ मिळाले की तो दाखला मागवणार नाही.

लाज वाटते का? वाटते. पण क्लिफर्डच्या तक्त्यात 'हेस्टर, अविवाहित, एक मुलगा' असं छापून येण्याची जास्त वाटते. मेळाव्यात साठ माणसं केक खाता खाता वाचणार. आणि तो? तो तर आमच्या नियमाने हॅव्हरसाइकच नाही. दत्तक गेला, नाव गेलं, नकाशावरून उतरला. त्याचं आताचं नाव मला माहीत नाही. विचारायचंही नसतं आमच्या वेळी.

९ मार्च

पेटी आणली. बेरिलने गाडीत ठेवून दिली, वर आल्याचा केक. "नकाशा जळाला तर मी रडणार नाही," म्हणाली. देव तिचं भलं करो.

१३ मार्च

तीनशे पत्रं झाली. काय एकेक नमुने! एकाला आमच्या दरीत पुरलेला खजिना हवा. एका बाईला कुत्र्याचं नाव हॅव्हरसाइक ठेवायला परवानगी हवी. ही आधी वाचली असती तर पंधरा वर्षं जरा बरी गेली असती.

मेलेली बाई अजून मिळाली नाही.

१४ मार्च, गुरुवार

सकाळी सव्वाअकराला मिळालं. उतरवून ठेवते, नाहीतर मीच उद्या म्हणेन की असं काही नव्हतं.

'महोदय किंवा महोदया, तुमच्या मंडळाबद्दल वर्तमानपत्रात वाचलं. मी दत्तक आहे. मूळ जन्मदाखल्यावर माझं नाव लॉरेन्स हॅव्हरसाइक. विटबी, एप्रिल १९७२. मी बरा आहे, मला काही हवं नाही. लग्न झालंय, एक मुलगी आहे, शाळेत भूगोल शिकवतो. आईचं नाव दाखल्यावर आहे. ते इथे लिहीत नाही. तिने कुणाला सांगितलं नसेल तर मी बोभाटा करणं बरं नाही. ती हयात असेल आणि तुमच्या माहितीत असेल, तर एवढा पत्ता आणि फोन तिच्या हाती द्या. तिला नको असेल तर तसं कळवा. मी पुन्हा लिहिणार नाही. — नील ऑर्मरॉड, डार्लिंग्टन.'

वरच्या कोपऱ्यात माझं अक्षर. 'विषयाबाहेर. उत्तर दिलं, १९ मे २०१६.'

डार्लिंग्टन. इथून तीस मैल. दर महिन्याला गुडघा दाखवायला मी डार्लिंग्टनला जाते. बसस्टॉपसमोर शाळा आहे.

मी सही बघितली, ऑर्मरॉड दिसलं, पुढे सरकवलं. मी हॅव्हरसाइकांवर पहारा देत होते! दोनदा वाचत होते!

दुपार. आत्ता कुठे खरं ध्यानात आलं. चहा ओतताना आलं, चहा सगळा ओट्यावर. त्याच्या दाखल्यावर आईचं नाव आहे. हेस्टर हॅव्हरसाइक. आणि मी पाठवलेल्या कागदाखाली सही कुणाची? त्याने लिहिलं, तिला नको असेल तर तसं कळवा. आणि तिने स्वतःच्या हाताने सही करून कळवलं की तू विषयात बसत नाहीस. वर शुभेच्छा.

आठ वर्षं तो हेच धरून बसला असणार. दुसरं काय धरेल?

क्लिफर्डला नावं ठेवत आले जन्मभर. मेले, मूर्खे हेस्टर.

१५ मार्च

क्लिफर्डचा फोन. "सापडलं का काही विटबीचं?"

"सापडलं. दाखला मागवायची गरज नाही. नववी बाई लिही."

मग म्हणाला, "हेस्टर, तू जेवलीस का?" बावळट. मला रडूच आलं. छापायचं की नाही ते तू ठरव, आता मला सवड नाही, म्हटलं आणि ठेवला.

पत्र लिहायला बसले. नऊ कागद फाडले. माझी सही बघून तो पाकीट न फोडताच टाकेल. मी असते तर टाकलं असतं.

१६ मार्च, शनिवार

फोन केला. नंबर तोच होता. पुरुषाचा आवाज.

"मी हेस्टर हॅव्हरसाइक बोलतेय."

मग: "चिटणीस? बोला. नियम बदलला का मंडळाचा?"

काय तो तिरकस सूर! माझाच. माझ्या आईचा. अगदी तसाच, शेवटचा शब्द चावून. कुठल्या नकाशात हा मिळाला असता?

मी म्हटलं, "मी ते पत्र वाचलं नव्हतं. सही करून टाकली होती. वाचलं परवा." माफी शब्दसुद्धा नाही आला तोंडात.

"वाचलंच नव्हतं," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, हळू. मागे कुणीतरी मुलगी विचारत होती, कोण आहे बाबा.

"पुढच्या शनिवारी त्या बाजूला येणार आहे मी," शेवटी म्हणाला. "अर्धा तास थांबता येईल. छापील काही देणार नसाल तर."

अर्धा तास! मी हो म्हटलं.